काटा रुतला, निरोप गेला



गेल्या महिन्यात वसई तालुक्यातल्या वटार गावाहून एका भगिनीचं पत्र आलं. घरची वाडी आहे. सासूबाईंना मधुमेह आहे, तरी पहाटे वाडीत उतरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. लिंबाच्या झाडाचा काटा अंगठ्यात मोडला. सुईनं टोकरून तो काढला, निदान तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी अंगठा लाल आणि तिसऱ्या दिवशी टम्म! सासूबाईंनी हळद-चुन्याचा लेप लावला आणि गुडघ्यासाठी कुणीतरी दिलेल्या, डब्यात उरलेल्या गोळ्या सुरू केल्या. सूनबाई विचारतात, "गोळीनं सूज जरा ओसरल्यासारखी वाटते, पण ठणका जात नाही. हळद चालू ठेवू का गोळी? आणि एवढ्याशा काट्यानं एवढी सूज मुळात येतेच कशाला?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अंकात छापून यायची वाट पाहण्यासारखं नव्हतं. ते त्याच दिवशी कळवलं : लेप धुऊन टाका, गोळ्यांचं पाकीट सोबत घ्या आणि आजच्या आज डॉक्टर गाठा. अंगठ्यात पू धरला होता, काट्याचं टोक आतच राहिलं होतं आणि रक्तातली साखरही बरीच चढली होती. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला. आता सासूबाई बऱ्या आहेत.

दुसरा प्रश्न मात्र सगळ्यांसाठीच मोलाचा आहे. सूज येतेच कशाला? घरात कुणाचा पाय मुरगळतो, कुणाच्या हिरड्या सुजतात, कुणाला कोलंबी सोलताना तिचा काटा बोटात जातो, कुणाच्या गुडघ्यांना सूज येते. आपण लेप लावतो, शेक देतो, गोळी देतो. पण सूज म्हणजे काय, हे कळलं तर ती कधी जपायची आणि कधी आवरायची, हेही कळेल.

काट्याचीच गोष्ट

गंमत अशी की, सुजेचं कोडं उलगडायला सुरुवात झाली तीही एका काट्यापासूनच. इल्या मेचनिकॉव्ह नावाचे रशियन शास्त्रज्ञ १८८२ साली इटलीतल्या मेसिना या बंदराच्या गावी बिऱ्हाड करून राहत होते. एक दिवस घरची सगळी मंडळी सर्कस पाहायला गेली आणि हे एकटेच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. समोर तारामाशाची पाण्यासारखी पारदर्शक पिल्लं होती. त्यांच्या शरीरात काही पेशी इकडून तिकडे फिरताना त्यांना दिसल्या. त्यांच्या मनात आलं, या पेशी शरीराचं रक्षण तर करत नसतील? तसं असेल, तर काटा टोचल्यावर त्या त्याच्याभोवती गोळा व्हायला हव्यात. ते उठले, बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि पिल्लांच्या कातडीखाली हलकेच खुपसले. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. पहाटे पाहतात तो काय, काट्याभोवती पेशींचा घोळका जमलेला!

तारामाशाला ना रक्तवाहिन्या, ना आपल्यासारखं रक्त. तरीही काटा रुतल्याची खबर त्या पेशींना लागली होती आणि त्या धावून आल्या होत्या. बाहेरचा जंतू गिळून टाकणाऱ्या अशा पेशींना पुढं 'भक्षक पेशी' म्हणू लागले. या शोधासाठी मेचनिकॉव्हना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्या मुंबईशीही त्यांचं एक नातं आहे. तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या ओडेसा गावी त्यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी १८९६ साली प्लेगच्या साथीत मुंबईला आला. त्यानं प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्याचं नाव वाल्देमार हाफकिन. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावानं ओळखली जाते. गुरूनं अंगातली उपजत राखण शोधली, शिष्यानं लशीनं शिकवलेली राखण घरोघर पोचवली. आज आपण या उपजत राखणीविषयीच बोलणार आहोत.

खबर कशी लागते?

काटा टोचतो तेव्हा कातडीतून नुसतं लाकूड आत जात नाही. त्याच्यासोबत माती आणि मातीतले जंतूही जातात. कातडीखाली काही भक्षक पेशी कायमच्या वस्तीला असतात, गल्लीतल्या राखणदारासारख्या. त्यांच्या अंगावर बारीक बारीक 'ग्राही' असतात. दाराला कडी असते ना, तसेच. ओळखीची खूण येऊन अडकली की कडी वाजते. जंतूंच्या कवचाचे काही तुकडे आपल्या शरीरात कधीच तयार होत नाहीत. ते दिसले की पेशीला कळतं, घरात परकं कुणी शिरलंय.

या कड्यांचा शोध फार जुना नाही. फळांवर घोंगावणाऱ्या चिलटासारख्या माशीत 'टोल' नावाचं एक जनुक शास्त्रज्ञांना सापडलं होतं. जर्मन भाषेत 'टोल' म्हणजे 'भन्नाट'! फ्रान्समधल्या ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेनं १९९६ साली दाखवून दिलं की, हे जनुक बिघडलं तर माशी बुरशीशी लढू शकत नाही आणि मरते. दोनच वर्षांनी, १९९८ साली, अमेरिकेतल्या ब्रूस बॉयट्लर यांनी उंदरात तशीच कडी शोधली. माणसातही अशा दहा तऱ्हेच्या टोलसदृश कड्या आहेत. कुणी जंतूचं कवच ओळखतं, कुणी विषाणूचा अंश. हॉफमन आणि बॉयट्लर यांना २०११ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

जखमी झालेल्या आपल्याच पेशींतून सांडलेला मालही या राखणदारांना सावध करतो. म्हणून तर जंतूचा संबंध नसताना नुसता मुका मार लागला, पाय मुरगळला, तरी सूज येते.

निरोपाची साखळी

कडी वाजली की पेशीच्या आत निरोप सुरू होतो. पहिल्यानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगायचं, असा तो सरकत सरकत एका महत्त्वाच्या निरोप्यापर्यंत पोचतो. त्याचं नाव जरा अवघड आहे : एनएफ-कप्पा-बी. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ साली तो शोधला. एरवी हा गडी पेशीत गप्प बसलेला असतो, कारण एक जोडीदार त्याला घट्ट धरून असतो. निरोप आला की तो जोडीदार मोडीत निघतो. गडी मोकळा सुटतो तो थेट पेशीच्या मधल्या खोलीत, म्हणजे केंद्रकात शिरतो. तिथं आपल्या जनुकांचं बाड असतं. त्यातली ठरावीक पानं तो उघडतो आणि पेशी भराभर रसायनं तयार करू लागते. टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ अशी त्यांची नावं. ही रसायनं म्हणजे शेजारच्या पेशींना धाडलेली पत्रंच!

ही पत्रं पोचली की काय होतं, ते तुम्ही तुमच्या बोटावर पाहिलेलंच आहे. जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त येतं, म्हणून बोट लाल आणि गरम होतं. वाहिन्यांच्या भिंती सैल होतात, त्यातून पाणी पाझरतं, म्हणून सूज. पाण्याबरोबर पांढऱ्या पेशींची फौज बाहेर पडते. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी आपलं शरीर रोज १०,००० कोटींच्या घरात तयार करतं. काही तासांतच त्या काट्यापाशी पोचतात, जंतू गिळतात आणि तिथंच मरतात. त्यांचाच पू होतो. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तिथल्या नसा हळव्या करतात, म्हणून ठणका. ठणक्यामुळे आपण बोट वापरत नाही, त्याला विसावा मिळतो. हेच निरोप रक्तातून मेंदूपर्यंत गेले की ताप येतो.

लाली, सूज, उष्णता आणि वेदना, ही चार लक्षणं युरोपातल्या जुन्या ग्रंथांतही लिहून ठेवलेली आहेत. आपल्या सुश्रुतसंहितेत तर व्रणशोथाच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत : कच्चा, पिकत असलेला आणि पिकलेला. कच्चं गळू फोडणारा आणि पिकलेल्याकडे दुर्लक्ष करणारा, अशा दोन्ही वैद्यांना सुश्रुतानं सारखाच दोष दिला आहे. आपल्या आजच्या विषयाचं सार त्यातच आहे बरं का.

कुकरची शिट्टी

आता खरी कमाल पुढं आहे. जनुकांच्या बाडातली पानं उघडताना तो निरोप्या आणखी एक पान उघडतो. त्यावर त्याला धरून ठेवणाऱ्या नव्या जोडीदाराची कृती लिहिलेली असते! म्हणजे काम सुरू करतानाच त्यानं काम थांबवायची सोयही केलेली असते. नवा जोडीदार तयार झाला की तो याला पुन्हा धरून बाहेर आणतो. कुकरमध्ये वाफ कोंडते आणि तीच वाफ शिट्टी उचलून बाहेर पडते, तसंच हे.

काटा निघाला, जंतू संपले, की नवे निरोप येणं थांबतं. वाहिन्या पूर्ववत होतात. दुसऱ्या तऱ्हेच्या भक्षक पेशी मेलेल्या पेशींचा केर काढतात आणि नवी कातडी येऊ लागते. साध्या टोचणीची सूज दोन-तीन दिवसांत ओसरते ती अशी. ती आपल्या भल्यासाठीच आलेली असते.

पण काट्याचं टोक आतच राहिलं तर? कडी वाजतच राहते. वटारच्या सासूबाईंचं तेच झालं. त्यात मधुमेह! साखर वाढलेली असली की न्यूट्रोफिल मंदावतात, जंतूंना मोकळं रान मिळतं. बरेच दिवस मधुमेह असला की पायाच्या नसा बधिर होतात, मग काटा रुतल्याचं कळतसुद्धा नाही. म्हणून मधुमेही माणसाची छोटी जखम कधी छोटी समजू नये.

निरोप अडवणाऱ्या गोळ्या

मग त्या गोळ्यांनी सूज कमी कशी झाली? दुखण्यावरच्या नेहमीच्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. ॲस्पिरिन हेच करते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं आणि १९८२ साली त्यांना नोबेल मिळालं. ठणका कमी होतो, पण जंतू मरत नाहीत. वरचेवर घेतल्या तर या गोळ्या पोटात व्रण करतात, मूत्रपिंडाला इजा करतात. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या मुळीच देऊ नयेत, रक्तस्रावाचा धोका असतो. विषाणूच्या तापात लहान मुलांना ॲस्पिरिन तर कधीच नको.

दुसरी जात स्टिरॉइडची. ती निरोपाच्या साखळीवरच मूळ घाव घालते. सूज, लाली, ताप सगळं झटकन दबतं आणि माणसाला वाटतं, वा, काय गुण आला! आत मात्र जंतू वाढत असतात आणि बाहेर त्याची खूणही दिसत नाही. शिवाय रक्तातली साखर वाढते, ती वेगळीच. सांधेदुखीवर 'हमखास गुण' म्हणून पुडीतून मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्यांत कधी कधी हेच असतं.

स्टिरॉइड वाईटच, असं मात्र नाही. कोविडच्या साथीत हे साऱ्या जगानं पाहिलं. काही रुग्णांत हे निरोप इतके बेफाम सुटले की विषाणूपेक्षा त्या खळबळीनंच फुप्फुसं निकामी होऊ लागली. जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीनं दाखवलं की, डेक्सामेथासोन हे साधं, स्वस्त स्टिरॉइड प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे प्राण वाचवतं. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता, त्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्या महाराष्ट्रात काळ्या बुरशीनं, म्हणजे म्युकरमायकोसिसनं, कितीतरी जणांचे डोळे आणि प्राण घेतले. त्यात मधुमेही आणि भरमसाट स्टिरॉइड दिलेले रुग्ण फार होते. औषध तेच, पण योग्य वेळी तारलं आणि अवेळी मारलं.

संधिवाताचंही असंच आहे. आमवात, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड संधिवात म्हणतात, तो पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीनं जास्त होतो. त्यात काटा नसतो, जंतू नसतो, तरी सांध्यात निरोप थांबतच नाहीत. सकाळी उठल्यावर बोटं तासभर आखडलेली राहतात, वेणी घालवत नाही, कणीक मळवत नाही. तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. वेळीच औषध सुरू केलं तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात. आता टीएनएफ हा निरोपच अडवणारी इंजेक्शनं निघाली आहेत. पण ती देण्याआधी डॉक्टर क्षयाची तपासणी करतात. का, ठाऊक आहे? कित्येकांच्या अंगात क्षयाचे जंतू झोपलेले असतात आणि टीएनएफच्या पहाऱ्यामुळेच ते कोंडून राहतात. पहारा उठला की ते जागे होऊ शकतात. एक निरोप अडवला की दुसरीकडे काय सुटतं, हे पाहूनच औषध द्यावं लागतं.

आणि आपली हळद?

हळदीवर बोलल्याशिवाय हा लेख पुरा कसा होणार! १९९५ साली अमेरिकेत हळदीनं जखम बरी करण्याचं पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनं त्याला आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि लेख पुढं ठेवले, आणि १९९७ साली ते रद्द झालं. आपल्या आजीच्या बटव्याचा तो विजय खराच. पण त्यातून सिद्ध झालं ते एवढंच की, हा वापर आपल्याकडे जुनाच होता. पू भरलेला अंगठा हळदीनं बरा होतो, असं त्यातून ठरत नाही.

हळदीतलं कर्क्युमिन हे द्रव्य काचेच्या नळीतल्या पेशींत त्याच एनएफ-कप्पा-बीला आवरतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण पोटात घेतलं तर त्यातलं फारच थोडं रक्तात पोचतं. तेव्हा स्वयंपाकात हळद घाला, मुरगळलेल्या पायावर, कातडी शाबूत असेल तर, लेप घालायचा तर घाला. उघड्या जखमेवर मात्र चुना नको. तो कातडी भाजतो, आणि लेपाखाली लाली कुठवर पसरली तेही दिसत नाही.

काटा रुतला तर

१. हात साबणानं आणि वाहत्या पाण्याखाली चांगले धुवा.

२. काट्याचं टोक दिसत असेल तर स्वच्छ चिमट्यानं, गेला त्याच दिशेनं ओढून काढा. खोल असेल तर सुईनं टोकरत बसू नका, दाबून पिळू नका.

३. पुन्हा धुवा, कोरडं करा, स्वच्छ पट्टी बांधा. चुना, तंबाखू, शेण, राख काहीही नको.

४. हात उशीवर जरा उंच ठेवा. ठणका कमी होतो.

५. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा. आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारा.

६. लालीच्या कडेनं पेनानं रेघ ओढून ठेवा आणि शेजारी वेळ लिहा. लाली रेघेबाहेर गेली तर सूज वाढते आहे, हे लगेच कळतं.

डॉक्टरांकडे केव्हा धावायचं?

लाली रेघ ओलांडून पसरली, हातावरून वर जाणारी लाल रेषा दिसली, बोट वाकवता किंवा सरळ करता येईना, ठणक्यानं झोप येईना, पू दिसला, थंडी वाजून ताप आला, किंवा दोन दिवसांत सूज उतरायला लागली नाही, तर थांबू नका. मधुमेही माणसाला, यकृताच्या आजाऱ्याला किंवा स्टिरॉइड घेणाऱ्याला दोन दिवसही वाट पाहू देऊ नका. समुद्राच्या पाण्यात किंवा मासे साफ करताना झालेली जखम अशा माणसांत काही तासांतच चिघळू शकते.

आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, धाप लागली, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली, तर तडक मोठं रुग्णालय गाठा. तेव्हा बोटातला निरोप साऱ्या अंगभर सुटलेला असतो. सगळ्याच रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तदाब कोसळतो. याला सेप्सिस म्हणतात. म्हाताऱ्या माणसांना अशा वेळी कधी कधी तापही येत नाही, तेव्हा नुसत्या थर्मामीटरवर विसंबू नका.

आणखी एक काम आजच करा. घरातला औषधांचा डबा उघडा. ज्या गोळ्यांवर नाव नाही, ज्या कुणी कुणासाठी आणल्या ते आठवत नाही, त्या बाजूला काढा. पण घरातलं कुणी अशा गोळ्या बरेच दिवस रोज घेत असेल, तर एकदम बंद करू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर अचानक थांबवणंही धोक्याचं असतं. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांना विचारूनच कमी करा.

पुढच्या अंकात : तान्ह्या बाळाचा ताप. किती असेल तर थांबायचं आणि किती असेल तर धावायचं?